शाळा बुडवतं कोण?

दुसरीचा वर्ग. सकाळचे साडेनऊ. बाई हजेरी घेताहेत. एक, दोन, तीन. “हजर बाई.” “हजर बाई.” चार नंबरला शांतता. मग सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, “बाई, तो गावाला गेलाय!”

सात नंबर? “तिच्या मावशीचं लग्न आहे.” अकरा? “आत्ता तर दुकानापाशी दिसला होता.” सोळा? “तिची आई कामावर गेली, ती बाळाला सांभाळतीये.”

पुण्यात पेठेतल्या शाळेत जाऊन बसा, नाहीतर हडपसरच्या, नाहीतर येरवड्याच्या. हेच ऐकू येईल. कोण का आलं नाही, हे वर्गातल्या प्रत्येक पोराला पक्कं माहीत असतं. माहीत नसतं ते आपल्याला.

आणि आपण काय म्हणतो? पोरगं शाळा बुडवतं. सात वर्षांचं पोरगं एसटीचं रिझर्व्हेशन करतं? मावशीच्या लग्नाचा मुहूर्त काढतं? नववीतला मुलगा दप्तर घेऊन निघतो आणि तळजाईच्या टेकडीवर जाऊन बसतो, त्याला बुडवणं म्हणा. पहिली-दुसरीतल्या पोराची शाळा बुडते तेव्हा ती कुणीतरी मोठ्या माणसानं बुडवलेली असते.

“पहिलीच तर आहे. काय बुडतंय?”

हे वाक्य मी वाड्यात ऐकलंय, वस्तीत ऐकलंय, वीस मजली सोसायटीतल्या लिफ्टमध्ये ऐकलंय. घरं वेगळी, पगार वेगळे, वाक्य तेच. तर काय बुडतं ते सांगतो.

दुसरीत हातच्याची बेरीज येते. बाई काड्या घेऊन येतात. सात काड्या आणि पाच काड्या, झाल्या बारा. त्यातल्या दहांचा गठ्ठा बांधायचा, रबर लावायचं, दशकाच्या घरात ठेवायचा. उरल्या दोन, त्या एककात. हे दोन-तीन दिवस चालतं. पोरं गठ्ठे बांधतात, सोडतात, पुन्हा बांधतात. चौथ्या दिवशी काड्या कपाटात जातात आणि बाई फळ्याकडे वळतात.

ते तीन दिवस गावाला असलेला पोरगा पाचव्या दिवशी हजर. समोर 27 अधिक 15. सात आणि पाच बारा, लिहिले बारा. दोन आणि एक तीन, लिहिले तीन. उत्तर 312.

ती वही मी पाहिली आहे. त्याची एकही बेरीज चुकलेली नव्हती. सात आणि पाच बाराच होतात, दोन आणि एक तीनच. बेरीज त्याला येत होती, गठ्ठा त्यानं कधी बांधलेला नव्हता. शेजारची मुलगी वाकून बघत म्हणाली, “अरे, हातचा घे ना.”

त्यानं आपल्या हाताकडे बघितलं.

हातचा कळला नाही की वजाबाकीतला उसना कळत नाही. उसना अडला की भागाकार अडतो. चौथीत घरचे म्हणतात, याला गणितात गतीच नाही. गती होती हो. तीन दिवस नव्हते.

वाचनाचं वेगळं नाही. जोडाक्षरांचा आठवडा हुकला की ‘पुस्तक’चं ‘पुसतक’ होतं. वर्ग हसतो. दुसऱ्यांदा हसला की पोर वाचायला उभं राहत नाही. मग रोज सकाळी, बरोबर डबा भरायच्या वेळेला, पोट दुखायला लागतं. आता म्हणा हवं तर, पोरगं शाळा टाळतंय. पण पहिला दिवस कुणी टाळला होता?

हिशोबच करू. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान 200 दिवस ठरवले आहेत. महिन्याला दोन खाडे धरा. दोनच. वर्षाचे होतात 20, म्हणजे दहावा हिस्सा. पहिली ते चौथी असंच चाललं तर 80. जवळजवळ चार महिन्यांची शाळा त्या पोरानं पाहिलीच नाही, आणि घरात कुणालाही तसं वाटत नाही. कारण कधीच दोन दिवसांपेक्षा जास्त झालं नाही!

अमेरिकेत हीच रेघ धरतात. दहा टक्के दिवस बुडाले की मूल धोक्यात आहे असं मानायचं, ही मांडणी तिथे 2008 च्या सुमारास हेडी चँग यांच्या अभ्यासातून पुढे आली. ताप आला म्हणून बुडाले की फिरायला गेले म्हणून, मोजताना फरक करायचा नाही. चिठ्ठी आणली म्हणून काड्या काही पुन्हा कपाटाबाहेर येत नाहीत.

तापलेल्या पोराला शाळेत ढकला असं मी म्हणत नाही. त्याला घरीच ठेवा, झोपू द्या. म्हणून तर बाकीचे दिवस जपायचे. आजारपणाचे दिवस ठरवता येत नाहीत. लग्नाचे येतात.

“पण नापास कुठे करतात?” हा पुढचा प्रश्न तयारच असतो. लहान पोराला नापासाची भीती घालू नये म्हणून ती नापास न करण्याची तरतूद आली. पोरानं निर्धास्त यावं म्हणून आली. आपण तिचा अर्थ लावला, नाही आलं तरी चालेल. मग 312 लिहिणारं पोर तिसरीत जातं, चौथीत जातं. महाराष्ट्रानं 2023 मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षेची वेस उभी केली. दुसरीतला हातचा पाचवीच्या वेशीवर पकडला जाणार, तीन वर्षं उशिरा.

आता सरकारकडे बघू. सरकारला पट कळतो. पट म्हणजे नावं. शिक्षकांची पदं पटावर, शाळा राहणार की जाणार तेही पटावर. रोज कोण आलं यावर काय ठरतं?

1995 मध्ये केंद्राची पोषण आहार योजना आली. महिन्यात 80 टक्के हजेरी असेल त्या मुलाला 3 किलो धान्य घरी न्यायला मिळायचं. ज्या घरात तांदूळ संपलाय, त्या घरच्या पोरापुढे गैरहजेरीची खूण करायला कुठल्या गुरुजींचा हात धजेल? 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, शिजवलेलं अन्न द्या. शाळेत खिचडी आली. तांदूळ कुणीही घरी नेईल, खिचडी खायला पोराला स्वतः यावं लागतं. योजना कशी आखावी, ते त्या पातेल्यापाशी उभं राहून शिकावं.

2011 चा ऑक्टोबर आठवतो? 3 ते 5 तारखेला राज्यभर पटपडताळणी झाली. पोरांच्या बोटाला मतदारांसारखी शाई. पटावरची 20 लाखांच्या घरातली मुलं वर्गात सापडली नाहीत. बनावट नावांवरून राज्यभर गदारोळ झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण नाव खरं, पोर खरं आणि तरीही जागा रिकामी, अशांचं काय? त्यांच्यासाठी शाईची बाटली पुन्हा कुणी उघडली नाही.

नंतर 4 जुलै 2015 ला एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण उरकलं. एका दिवसात! ऊसतोडीला, वीटभट्टीला, साइटवर भटकणारी मुलं एका शनिवारी मोजून काढायची.

आणि शाळाबाह्य म्हणजे कोण? ज्याचं नाव कुठल्याच शाळेत नाही तो, शाळा अर्धवट सोडली तो, आणि सलग महिनाभर आला नाही तो. बरोबर आहे. पण दर आठवड्याला दोन दिवस न येणारी सोळा नंबर? तिचे वर्षाला सत्तर-ऐंशी दिवस जातात, पण सलग कधीच नाहीत. त्यामुळे ती कुठल्याच यादीत बसत नाही. पटावर आहे, म्हणजे शिकतेय.

डिसेंबर 2023 पासून शिक्षकांनी मोबाईलवरच्या चॅटबॉटला रोज हजेरी कळवायची असं ठरलं. कळवतात. आकडा वरपर्यंत पोहोचतो. सोळा नंबरच्या घरी कोण पोहोचतं?

हे पुणं आहे. 1848 मध्ये भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी मुलींची शाळा उघडली ती इथे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतिरावांनी मागणी केली, निदान 12 वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. 1920 च्या सुमारास पुणे नगरपालिकेत वाद पेटला, सक्ती मुलग्यांपुरती की मुलींनाही? मुलींसाठी रमाबाई रानडे उभ्या राहिल्या. शंभर वर्षं झाली. आज मुलीचं नाव दाखल होतं, नंतर बाळाला सांभाळायला घरी ठेवतात तिलाच.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड, महिन्याला एक रुपया. तेव्हाचा रुपया, घराला जाणवणारा. आणि दंडाच्या आधी खजिन्यातून पैसा काढून त्यांनी खेड्यापाड्यांत शाळा उघडल्या होत्या.

1992 मध्ये महाराष्ट्र सरकारनं दारिद्र्यरेषेखालच्या मागास घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. हजेरीच्या दिवसाला एक रुपया. 1992 मध्येही तो फार नव्हता, पुढे तर वर्षानुवर्षं त्याचा दीड रुपयासुद्धा झाला नाही. त्याच्या पंचाहत्तर वर्षं आधीच्या राजाला रुपयाची किंमत ठाऊक होती.

शहराच्या कडेला चला. 2017 मध्ये 11 गावं महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23. वाघोली, मांजरी, उंड्री. जिकडे बघावं तिकडे क्रेन. इमारतीच्या पायाशी पत्र्याच्या खोल्या. अकरा वाजता तिथे जाऊन उभे राहा. खडीच्या ढिगावर सात-आठ वर्षांची पोरगी बसलेली दिसेल, कडेवर वर्षाचं बाळ. बाळ रडलं की ती उठते, हलवते, पुन्हा बसते. आई वरच्या मजल्यावर पाट्या वाहतेय. पोरीचं दप्तर खोलीत खिळ्याला टांगलंय, कुठल्यातरी शाळेनं दिलेलं, मागच्या साइटजवळच्या.

हिला कोण म्हणणार, तू शाळा बुडवतेस?

बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा सांगत होता, पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तिथे पाळणाघर हवं. छोट्या साइटवर पन्नास बायका येणार कुठून? बारा असतात, पंधरा असतात. मग पाळणाघर नाही. मग बाळ बहिणीच्या कडेवर. मग बहिणीची शाळा नाही. एका पाळण्याचा खर्च वाचला, तो दुसरीतल्या मुलीनं भरला.

कामगार कल्याण मंडळाकडे बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर जमा होतो. नोंदणी झालेल्या कामगाराच्या मुलांना पहिली ते सातवीत वर्षाला 2500 रुपये मिळतात. अट काय, तर 75 टक्के हजेरी. आता सांगा, साइट संपली की बिऱ्हाड उचलायचं, नवी साइट दहा किलोमीटरवर, नवी शाळा शोधायची, दाखला आणायचा. हजेरी कुठून भरणार? जी अडचण दूर करायची, तीच अट म्हणून समोर ठेवली आहे.

उपाय नाहीत असं नाही. पुण्यात डोअर स्टेप स्कूल ही संस्था 1993 पासून हेच काम करते. साइटवर वर्ग घ्यायचे, पोरांना जवळच्या शाळेत दाखल करायचं, आणि तिथेच न थांबता त्यांना रोज शाळेपर्यंत नेऊन आणायचं. त्याच्याही कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पोरं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, त्यातून अंगणवाडी निघाली. गुरं चारायला जाणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून कुरणातच शाळा भरवली. ताराबाईंनी पोरांना दोष देण्यात एक दिवस घालवला नाही.

शिक्षण हक्क कायदा म्हणतो, पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. नकाशावर असते. मधे नगर रस्ता असतो. सहा वर्षांच्या पोरानं डंपर, बस आणि उलट्या बाजूनं येणाऱ्या दुचाक्या चुकवत तो ओलांडायचा. आई-बाप आठला कामावर. ज्या दिवशी सोडायला कुणी नाही, त्या दिवशी शाळा नाही. हे किलोमीटर कुणी एकदा पोराचं बोट धरून चालून बघावं.

आता आपल्या सोसायटीत परत या. इथे शाळेची फी लाखात, दाराशी व्हॅन, घरात टेबल-खुर्ची. आणि शुक्रवारी पोर गैरहजर. का? शनिवार-रविवारला जोडून गोवा स्वस्त पडतं. सोमवारी विमान उशिरा पोहोचलं, म्हणून सोमवारही गेला. इंग्लंडमध्ये शाळेच्या परवानगीशिवाय पोराला पाच दिवस सहलीला नेलं तर आई-बापाला प्रत्येकी 80 पौंड दंड होतो. आपल्याकडे त्याच पोराचे फोटो पालकांच्या ग्रुपवर येतात आणि खाली बदाम पडतात.

साइटवरची आई पोरीला घरी ठेवते कारण तिला दुसरा रस्ता नाही. आपल्याला काय अडचण आहे?

एक गोष्ट शिक्षकांच्या बाजूनं. पोर आलं, धडपडत आलं, आणि बाईच वर्गावर नाहीत. मतदार याद्या, निवडणूक, कुठलंतरी सर्वेक्षण. दोन वर्ग एकत्र बसवलेले, पोरं फळ्यावरचं उतरवून घेताहेत. अशा चार दिवसांनंतर आई विचारते, “आज काय शिकवलं?” पोर म्हणतं, “काही नाही.” पाचव्या दिवशी ती त्याला उठवत नाही. तिचं काय चुकलं?

आणि एप्रिल. परीक्षा झाली की शाळा संपली, हा आपला जुना समज. 2025 मध्ये राज्यानं पहिली ते नववीची परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबवली तेव्हा उन्हाचा प्रश्न निघाला, तो खराच होता. पत्र्याखाली बसवून पोरांना शिजवू नका. पंखे द्या, पाणी द्या, वेळ सकाळची करा. पण कित्येक घरांची तक्रार उन्हाची नव्हतीच. गावाची तिकिटं आधीच काढून झाली होती.

करोनात मार्च 2020 पासून पुण्यातली धाकटी पोरं जवळजवळ दोन वर्षं वर्गाबाहेर राहिली. तेव्हा प्रत्येक घरात एकच हळहळ, पोरांचं शिक्षण गेलं. ती हळहळ खरी होती. मग शाळा उघडल्यावर ती गेली कुठे?

शेवटी एक काम सांगतो, उद्याच करता येईल असं. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारनं ठरवलं, चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवायच्या नाहीत. लहान पोरांची झोप व्हावी म्हणून. निर्णय चांगला आहे. पण तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी किती वाजता येतात? आठ? साडेआठ? त्यांची पोरगी दुसरीत आहे, शाळा नऊची, मधे मोठा रस्ता. तिला सोडायला त्या जाणार कधी? आणि नाही गेल्या तर ती पोरगी दिवसभर कुठे असते, हे त्यांना कधी विचारलंत?

विचारा. आणि सांगा, “मावशी, साडेनऊला आलात तरी चालेल. आधी तिला शाळेत सोडून या.” पगार कापू नका. भांडी तासभर थांबतील.